मॅनहोलपर्यंत न पोहोचलेले विज्ञान

मराठी शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध एकदा तरी लिहिलेला असतो. आरंभी विजेचा दिवा, आगगाडी आणि देवीची लस, मध्ये हिरोशिमा, आणि शेवटी, विज्ञान हे दुधारी शस्त्र असून सारे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, हा निष्कर्ष. गुण मिळविण्यापुरता तो पुरेसा आहे. परंतु हा ‘वापरणारा’ कोण, हे कोणी ठरविले? ज्याच्यावर विज्ञान वापरले जाते, त्याला त्या निर्णयात बोलण्याची मुभा असते काय? आणि ज्याला त्याची गरज सर्वांत अधिक आहे, त्याच्या दारी ते कितव्या क्रमांकाने येते? निबंधात हे प्रश्न येत नाहीत, कारण निबंधातला माणूस हा नुसता ‘मानव’ असतो. त्याला जात नसते, वस्ती नसते, कंत्राटदार नसतो.

आपल्यापैकी अनेकजण तंत्रज्ञानाच्याच बळावर या देशात आले. दोन पिढ्यांपूर्वी ज्या घरांत अक्षर नव्हते, त्या घरांतील मुले आज कॅलिफोर्नियात, टेक्सासमध्ये, न्यू जर्सीत संगणकाच्या आज्ञावली लिहितात. विज्ञानाने आपले भले केले, याविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. म्हणूनच या विज्ञानाचा हिशेब मागण्याची जबाबदारीही आपल्यावर अधिक आहे, असे आम्हांला वाटते.

हा हिशेब कसा मागावा, याचा एक धडा आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून आणि देशावरून आलेले अस्पृश्य कामगार पुष्कळ होते. पण विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. मजुरी त्याच खात्यात चांगली. कारण असे सांगितले जाई की, धोट्यातील कांडी संपली की विणकराला नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागते. त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर इतरांना विटाळ होईल. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. विणकाम खाते खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत नसेल, तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का उतरावे? पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीनेच यादीत घातली.

या कथेचा दुसरा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तोंडाने सूत ओढण्याच्या धोट्यावर मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच कायद्याने बंदी घातली होती. तेथे कारण विटाळाचे नव्हते, आरोग्याचे होते. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागून रोग पसरत. शिवाय तोंड न लावता दोरा ओवला जाईल असे धोटे आणि कांडी आपोआप बदलणारे नॉर्थ्रप माग त्याच राज्यातील होपडेल गावी १८९० च्या दशकापासून तयार होत होते. म्हणजे परळ–लालबागला विटाळाचा वाद चालू असताना, त्या वादाचे निमित्तच नाहीसे करणारे यंत्र जगात तीस वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात होते. स्वस्त मजूर हाताशी असलेल्या मालकाला ते घेण्याची घाई नव्हती, आणि ज्याच्या वाट्याला विणकामाची मजुरी येत होती त्या सवर्ण कामगारालाही नव्हती. शोध लागला होता. तो मागविण्याची इच्छा कोणालाच नव्हती. ज्यांना इच्छा होती, त्यांचा मागविण्याशी संबंध नव्हता.

गिरणीच्या फाटकाशी बाबासाहेबांनी हे सारे पाहिले होते, तरीही ते यंत्राचे वैरी झाले नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहून यंत्रसंस्कृतीवर जो प्रहार केला, त्याला बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या ग्रंथात सविस्तर उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : यंत्रापासून जे दुष्परिणाम होतात, ते खाजगी मालमत्ता आणि नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचे आहेत, म्हणून बदलायची ती समाजरचना. यंत्र माणसाला फुरसत देते, आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. जनावर आणि माणूस यांत जो फरक आहे, तो पोट भरल्यानंतर उरणाऱ्या वेळात घडतो. चरखा आणि खेडे यांकडे परत चला असे म्हणणाऱ्याला खेड्यात महारवाडा कोठे असतो, हे ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या वाड्यात त्याला राहायचे नव्हते.

ही केवळ पुस्तकी भूमिका नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या अध्यक्षतेखालील परिषदांत आकाराला आली आणि तिचा नमुना घेतला होता तो आपण राहतो त्या देशातून, टेनेसी व्हॅली अथॉरिटीकडून. तेथील अनुभवी अभियंता डब्ल्यू. एल. व्होर्डुइन यांना त्यासाठी भारतात बोलावण्यात आले होते. पूर अडवावा, पाणी शेताला द्यावे, वीज उद्योगाला द्यावी, आणि हे सर्व एका सार्वजनिक संस्थेच्या हाती असावे, ही त्यामागची कल्पना. आजही ती जुनी वाटत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. टेनेसीच्या त्या प्रकल्पाने धरणाच्या कामगारांसाठी नॉरिस नावाचे आदर्श गाव वसविले. रुंद रस्ते, विजेवर चालणारी घरे, बागा. धरणावर काळे मजूर राबत होते. त्या गावात घर मात्र कोणत्याही काळ्या कुटुंबाला मिळाले नाही. नवी वीज जुन्या गावकुसाच्या बाहेर गेली नाही. मॅसॅच्युसेट्सचा धोटा असो की टेनेसीची वीज, यंत्र ज्या समाजात येते त्या समाजाच्या वेशी ते आपणहून ओलांडीत नाही. कोणीतरी ते पलीकडे न्यावे लागते.

आता आजच्या सर्वांत लाजिरवाण्या वेशीकडे येऊ. ती वेस रस्त्याच्या मधोमध असते, वाटोळी असते आणि तिच्यावर लोखंडी झाकण असते.

भूमिगत गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस कशाने मरतो, हे विज्ञानाला पूर्णपणे ठाऊक आहे. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो हे सर्वांना माहीत असते. पण प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणजे वास येईनासा झाला, आता हवा बरी आहे असे ज्या क्षणी वाटते, तोच क्षण सर्वांत धोक्याचा. त्याच्या जोडीला मिथेन असतो आणि प्राणवायू कमी झालेला असतो. उतरलेला माणूस काही श्वासांत कोसळतो. वर उभा असलेला भाऊ किंवा सोबती त्याला काढायला उडी घेतो, आणि तोही जातो. वर्तमानपत्रांतील अशा बातम्यांत मृतांचा आकडा एकाऐवजी दोन, तीन, चार असा का असतो, याचे उत्तर हे आहे. त्याला धाडस म्हणावे, माया म्हणावी. पण त्या मायेला वायूची परीक्षा करता येत नाही.

अमेरिकेतही गटारे आहेत आणि त्यांत माणसे उतरतात. शक्य तेथे हे काम ट्रकवर बसविलेली पंपयंत्रे करतात; उतरणे अटळ असेल तेथे नियम लागू होतो. व्यावसायिक सुरक्षेच्या संघीय यंत्रणेने, म्हणजे ‘ओशा’ने, बंदिस्त जागांत प्रवेश करण्यासंबंधीचा हा नियम १९९३ साली लागू केला. उतरण्यापूर्वी आतली हवा उपकरणाने तपासली पाहिजे, प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असता कामा नये. माणूस आत असेपर्यंत दुसरा बाहेर उभा पाहिजे आणि त्याने जागा सोडता कामा नये. आतल्या माणसाच्या अंगावर पट्टा आणि दोर पाहिजे, म्हणजे त्याला काढण्यासाठी दुसऱ्याने आत उतरण्याची वेळ येणार नाही. हा शेवटचा भाग अनुभवातून आलेला आहे. अशा अपघातांच्या पाहणीत, मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवायला गेलेली असत, असे आढळले होते. नियम असूनही येथे अपघात होतात, कंत्राटदार येथेही हात आखडतात. अमेरिका म्हणजे स्वर्ग, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हवा न तपासता माणूस उतरविणे हा येथे गुन्हा ठरतो आणि मालकाला दंड भरावा लागतो.

त्याच १९९३ साली भारतीय संसदेने हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा पहिला कायदा केला. त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता. गटार आणि सेप्टिक टँक कायद्याच्या कक्षेत यायला २०१३ उजाडले. त्यातही एक पळवाट ठेवली गेली : शासनाने ठरवून दिलेली साधने व संरक्षक पोशाख वापरून जो हे काम करतो, तो ‘हाताने मैला साफ करणारा’ समजला जाणार नाही. साधन माणसाच्या हाती पडण्यापूर्वीच ते कायद्याच्या व्याख्येत पडले आणि तेथे त्याने माणसाला अदृश्य करण्याचे काम केले. २०२१ च्या आरंभी केंद्र सरकारने संसदेत सांगितले की गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसे मरण पावली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आले की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. उत्तर देणारे राज्यमंत्री रामदास आठवले होते. दोन्ही विधाने शब्दशः खरी ठरतील अशी व्याख्येची रचना आहे. पँथरच्या चळवळीतून पुढे आलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य वदवून घेतले गेले, याचे दुःख वेगळे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरविली. त्याच २०२३ च्या २३ ऑगस्टला चांद्रयान–३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले होते. चंद्रावर जाणाऱ्या देशाला गटार साफ करता येत नाही काय, हा टोला आपल्या सभांत नेहमी ऐकू येतो. तो टाळ्या मिळवितो, पण आम्हांला पुरेसा वाटत नाही. चांद्रयान बांधणाऱ्यांनी कोणाला गटारात ढकललेले नाही, आणि चंद्रावरचा खर्च थांबविला तर तो मॅनहोलकडे वळेल अशी खात्री कोणी द्यावी? गटारातील मृत्यू थांबविण्यासाठी चांद्रयानाच्या तोडीचे विज्ञान लागतच नाही. पट्ट्याला अडकविता येणारे, तळहाताएवढे, चार वायू मोजणारे उपकरण लागते. येथे ते काहीशे डॉलरला मिळते. खाणीतील वायूपासून वाचविणारा दिवा हम्फ्री डेव्हीने १८१५ साली तयार केला होता. तेव्हा पेशवाई अजून बुडायची होती.

यंत्राने हे काम होऊ शकते, याचे दाखले भारतातच आहेत. केरळमधील तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा रोबो तयार केला आणि २०१८ पासून तो वापरात आला. दिल्लीत २०१९ च्या फेब्रुवारीत गटारे साफ करणारी दोनशे यंत्रे कामाला लागली. अरुंद गल्ल्यांत जातील अशा बेताने ती बांधली होती. पण आम्हांला त्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ती यंत्रे सफाई कामगारांच्या आणि या कामात दगावलेल्यांच्या कुटुंबांना कर्ज मिळवून देऊन त्यांच्या मालकीची करण्यात आली, आणि पुण्यातून सुरू झालेली ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना त्यात सहभागी होती. कालपर्यंत जो दोरीने खाली सोडला जात होता, त्याच्याच घरात यंत्राची मालकी आली तर सफाईचे काम हे काम होते, शिक्षा राहात नाही. हीच यंत्रे एखाद्या बड्या कंत्राटदाराच्या नावावर गेली, तर माणूस मरणार नाही हे खरे. पण त्याची रोजी जाईल, आणि त्याची जात मात्र जागेवर राहील. यंत्राच्या मालकीचा प्रश्न बाबासाहेबांनी १९४५ मध्ये उपस्थित केला तो याच अर्थाने.

मग भारतीय नगरपालिकांनी सफाई कामगारापर्यंत कोणते तंत्रज्ञान तत्परतेने पोहोचविले? याचे उत्तर नागपुरात मिळते. ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्याच नगरीच्या महापालिकेने गेल्या दशकाच्या अखेरीस हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कोठे आहे, ठरलेल्या हद्दीच्या बाहेर गेला काय, किती वेळ एका जागी थांबला, हे कचेरीत बसून दिसावे यासाठी. हद्द सोडली तर पगार कापला जाण्याचे भय. इतर शहरांनीही हा कित्ता गिरविला. चंडीगढच्या कामगारांनी अशा घड्याळांविरुद्ध रस्त्यावर येऊन निदर्शने केली. महिला कामगारांचा प्रश्न साधा होता : आम्ही स्वच्छतागृहात गेलो तेही साहेबांना दिसते काय?

हे घड्याळ म्हणजे विज्ञानाचा किती मोठा पराक्रम आहे, हे आपल्या अभियंत्यांना सांगायला नको. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह, त्यांतील किमान चारांचे संकेत, अणुघड्याळांची अचूकता. आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर जागा काही किलोमीटरनी चुकावी. मानवी प्रज्ञेची एवढी उंच झेप, आणि तिचा उपयोग काय, तर झाडणारी बाई झाडाखाली दहा मिनिटे बसली की नाही हे पाहणे. कामचुकारपणा मोजू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेला मनगटावरचे उपकरण परवडते, तिला पट्ट्यावरचे परवडत नाही, असे आम्ही मानणार नाही. एक उपकरण कामगारावर पाळत ठेवते, दुसरे त्याचा जीव राखते. कोणते आधी आले, यावरून विज्ञान कोणाच्या हाती आहे ते कळते.

पंचशीलातील दुसरे शील आपण चोरी न करण्याचे म्हणून सांगतो. पाली शब्द ‘अदिन्नादान’ असा आहे. त्याचा अर्थ, जे दिलेले नाही ते घेणे. चोरीहून हा अर्थ व्यापक आहे. ज्याची संमती विचारली गेली नाही, त्याच्याकडून काहीही घेणे त्यात येते, मग ते त्याच्या हालचालींचे ज्ञान असो की त्याच्या शरीराचे. तंत्रज्ञानाची नैतिक मर्यादा कोठे असावी, याविषयी मोठमोठ्या समित्या बसतात. आम्हांला त्या मर्यादेची रेघ या एका शब्दात बरीचशी दिसते.

या देशाने ती रेघ कशी ओलांडली, त्याचे ठिकाण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आपल्याकडे कोणी वाचले नाही? अलाबामातील टस्कीगी, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये उभारलेली संस्था, भुईमुगावर संशोधन करणारा तो थोर काळा शास्त्रज्ञ. त्याच टस्कीगीत, कार्व्हर हयात असताना, १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने एक प्रयोग सुरू केला. कार्व्हर यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण संस्थेच्या रुग्णालयाचा होता. मेकन परगण्यातील सुमारे सहाशे गरीब काळे शेतमजूर निवडले गेले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना सांगितले गेले की तुमचे ‘रक्त बिघडले आहे’. मोफत तपासणी, जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च, एवढे आमिष पुरले. प्रत्यक्षात उपचार न करता रोग शरीराचे काय करतो, हे शास्त्रज्ञांना पाहायचे होते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय सर्वत्र उपलब्ध झाला, तरी तो या माणसांना दिला गेला नाही. प्रयोग चाळीस वर्षे चालला. त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापले जात होते. वाचणारे डॉक्टर ते वाचत होते.

या प्रयोगात युनिस रिव्हर्स नावाची काळी परिचारिका होती. माणसांना घरून आणणे, त्यांचा विश्वास टिकविणे, हे काम तिने वर्षानुवर्षे केले. तिला खलनायिका म्हणण्याची आम्हांला इच्छा नाही. तपासणीसाठीसुद्धा ज्यांच्या दारी डॉक्टर येत नव्हता, त्यांच्यासाठी आपण काहीतरी करीत आहोत, असे तिला वाटत असावे. पण परकी संस्था आपल्या माणसांपर्यंत पोहोचते तेव्हा ती आपल्यातीलच एखाद्या शिकलेल्या, विश्वासू माणसाचा हात धरून पोहोचते, ही गोष्ट आपण परदेशस्थ शिक्षितांनी नीट मनावर घ्यावी. तो हात उद्या आपला असू शकतो.

प्रयोग थांबला तो एका कनिष्ठ नोकरामुळे. पीटर बक्स्टन हा सॅन फ्रान्सिस्कोत आरोग्य सेवेचा रुग्णांच्या मुलाखती घेणारा कर्मचारी. १९६६ पासून त्याने वरिष्ठांना लेखी हरकती कळविल्या. त्याला गप्प बसविण्याचा प्रयत्न झाला. अखेर त्याने कागदपत्रे पत्रकारांना दिली. जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांची बातमी प्रसिद्ध झाली आणि काही महिन्यांत प्रयोग बंद पडला. १९७४ मध्ये कायदा आला, १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला, आणि मानवी प्रयोगांसाठी तीन तत्त्वे सांगितली गेली : माणसाचा आदर, त्याचे हित, आणि न्याय. न्याय याचा अर्थ, संशोधनाचे ओझे सहज सापडणाऱ्या दुबळ्यांवर टाकायचे आणि लाभ इतरांनी घ्यायचा, असे होता कामा नये. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी क्षमा मागितली ती मे १९९७ मध्ये, पंचवीस वर्षांनी.

आज आपण ज्या उद्योगात आहोत तेथे बेलमाँटसारखी रेघ अजून पक्की नाही. लोकांचे चेहरे, लिखाण, आवाज आणि हालचाली गोळा करून यंत्रे शिकविली जात आहेत. ज्यांचे ते आहे त्यांना क्वचितच विचारले जाते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन काळ्या संशोधिकांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याहून कमी. काळ्या स्त्रियांबाबत एका प्रणालीत ती सुमारे ३५ टक्के. यंत्राला वर्णद्वेष कोणी शिकविला नव्हता. त्याला दाखविलेल्या चेहऱ्यांत काळ्या स्त्रिया थोड्या होत्या, आणि ते मोजण्याची गरज बनविणाऱ्यांना वाटली नव्हती. जातीचे याहून अवघड आहे. चेहऱ्यावर ती दिसत नाही, पण आडनावात, गावात, वस्तीच्या पिनकोडात ती असते. यंत्र ती शिकेल आणि आपण शिकलो हे त्यालाही कळणार नाही. ती तेथे आहे काय, हे तपासण्याचा प्रश्न बैठकीत कोण विचारणार? ज्याच्या आडनावाने त्याला आयुष्यभर ओळखले, तोच बहुधा.

विचारणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. नोकरी गेली तर एच–१बी धारकाला दुसरी शोधण्यासाठी साठ दिवस असतात. मुलांची शाळा, घराचे हप्ते, गावी पाठवायचे पैसे. सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा केला, पण कॅलिफोर्निया विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक राज्यपाल न्यूसम यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाकारले. या परिस्थितीत प्रत्येकाने बक्स्टन व्हावे, असा उपदेश करणे आम्हांला शोभणार नाही. तथागतांनी सम्यक आजीविका सांगताना शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य ठरविला. पाळत ठेवण्याच्या आज्ञावलीचा त्यात उल्लेख नाही. पण ज्याला आपल्या कामाचा परिणाम समजतो, त्याने तो आधी स्वतःशी स्पष्ट उच्चारावा आणि संघापाशी बोलावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. एकट्याने बोलणे महाग पडते; दहाजणांनी बोलणे तेवढे महाग पडत नाही.

मॅनहोलच्या बाबतीत मात्र आपली नोकरी आड येत नाही. मंडळाच्या बैठकीत सूचना आली होती की वर्गणी काढून वायुमापक उपकरणे भारतात पाठवावीत. सूचनेमागील करुणा खरी आहे, पण आमचा तिला विरोध आहे. अशा उपकरणातील संवेदक दोन–तीन वर्षांत निकामी होतात. ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून त्याची चाचणी वरचेवर घ्यावी लागते. न घेतल्यास ते सुरक्षित हवेचा खोटा निर्वाळा देते आणि माणूस निःशंक होऊन उतरतो. देणगीतील उपकरण स्वच्छता निरीक्षकाच्या कपाटात जाईल आणि समारंभाचे छायाचित्र तेवढे उरेल. जे पालिकेचे कर्तव्य आहे, ते तिच्या अंदाजपत्रकात आणि कंत्राटाच्या अटीत दिसले पाहिजे.

आपल्यापैकी ज्यांचे भारतीय नागरिकत्व कायम आहे, त्यांना माहितीचा अधिकार येथूनही वापरता येतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, असा नियम आहे. तेवढे शब्द पुरतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या किंवा शहराच्या पालिकेला विचारावे : भूमिगत गटारे व सेप्टिक टाक्या यांच्या कामासाठी वायुमापक उपकरणे किती आहेत, केव्हा खरेदी केली, प्रत्येकाची शेवटची चाचणी कोणत्या तारखेस झाली? गेल्या तीन वर्षांत मॅनहोलमध्ये माणूस किती वेळा उतरला, आणि त्या प्रत्येक वेळी हवेची नोंद कोणी केली? सफाईच्या कंत्राटात याविषयी कोणती अट आहे? पंपयंत्रे कोणाच्या मालकीची आहेत? आणि सफाई कामगारांच्या हजेरीसाठी जीपीएस अथवा तत्सम साधनांवर आजवर किती खर्च झाला?

नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर आणि ठाणे येथील मूळ रहिवाशांनी आधी पुढे यावे. ज्यांनी नागरिकत्व बदलले आहे, त्यांनी गावच्या नातेवाइकांकरवी अर्ज द्यावा. अर्जाची आणि उत्तराची प्रत आमच्याकडे पाठवावी. अर्जदाराचे नाव न देता, पालिकेच्या नावासह ती आम्ही याच मासिकात छापू, आणि मुदतीत उत्तर न देणाऱ्या पालिकांची यादीही.